झाकणावरचा उंदीर

बोट कपाळाला टेकणार एवढ्यात शमिका म्हणाली, "काकू, ही तर दातांची डिब्बी आहे ना?" आणि शशिकलाचं कुंकवाचं बोट होतं तिथंच हवेत थांबलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललेलं. सगळ्याजणींना सोयीचं म्हणून रविवार धरलेला, हॉल बायकांनी भरलेला, कैरीच्या डाळीच्या वाट्या हातोहात जातायत, आणि भोपाळचा एप्रिल तो, पंखा वारा कसला घालतोय, नुसता उकाडा ढवळतोय. आणि ही शमिका, वरच्या मजल्यावरच्या संपदाची मुलगी, परदेशी शिकायला जायचं म्हणून फ्रेंचच्या क्लासला जाणारी, कुंकू लावून घ्यायला वाकली ती तबकातलं डबीचं झाकणच उचलून वाचायला लागली. "देखो ना काकू, इथे कडेला लिहिलंय. दाँ द ले. दाँ म्हणजे दात, ले म्हणजे दूध. दूध के दाँत! लहान मुलांचे पडतात ना, ते ठेवायची डिब्बी. आमच्या मॅडम सांगत होत्या, उनके यहाँ चूहा आता है दाँत लेने. म्हणून तर झाकणावर चूहा बसवलाय. सो क्यूट!" संपदानं पोरीला कोपरानं ढोसलं. बायकांत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, म्हणजे मघापासून दाताच्या डबीतलं कुंकू लावतेय होय ही आम्हाला!" शशिकलाही हसली. चारचौघींत हसण्यावाचून करते काय! हसता हसता तिनं शमिकाच्या कपाळाला बोट टेकवलं, ते जरा तिरकंच लागलं, आणि मग अत्तर, गुलाबपाणी, ओटीतले भिजवलेले हरभरे, सगळं हातांनी आपोआप केलं. मन मात्र एका शब्दावर जाऊन बसलं होतं ते उठायला तयार नव्हतं. भर. लवकर भर, असं ती रसिकाला म्हणाली होती. अगदी अशीच दुसरी डबी तिच्या हातात ठेवून.

रसिका तिची एकुलती एक. लग्नानंतर अमेयबरोबर फ्रान्सात, स्ट्रासबर्गला राहते. जानेवारीत एका सकाळी अमेयचा फोन आला, आणि "आई, कशा आहात?" असं विचारल्याशिवाय पुढचा शब्द न बोलणारा तो जावई नुसताच श्वास घेत राहिला, तेव्हाच ही काय ते समजली. पाचवा महिना होता. "बाळ राहिलं नाही," एवढंच तो म्हणाला. मग रसिकाचा आवाज आला, कोरडा ठणठणीत, "आई, मी ठीक आहे. तू येऊ नकोस. कशाला येतेस एवढ्या लांब? सगळं झालंय आता." सगळं झालंय म्हणे! शशिकलाला त्या दोन शब्दांनी जेवढं लागलं तेवढं बाळाच्या बातमीनंही लागलं नसेल, असं तिचं तिलाच वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. नवऱ्याचे, जयंतचे, गुडघे धड नाहीत, म्हणून ती एकटी गेली. व्हिसा मिळायला मार्च उजाडला. बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि तळाशी, साडीच्या घडीत, आळिवाची पुडी होती. आळीव बाळंतिणीला देतात. अशा वेळीही देतात, अंग भरून येतं, पण द्यायचे म्हणजे कशासाठी ते बोलावं लागतं. लाडू पहिल्या दिवशीच बाहेर निघाले. आळिवाची पुडी तशीच घडीतून भोपाळला परत आली. तिथं त्या दोन खोल्यांत त्या दोघी सगळं बोलल्या. भोपाळचं पाणी, जयंतचं साखरेचं चोरून खाणं, हबीबगंज स्टेशनचं नवं नाव जे शशिकलाच्या तोंडी अजून बसत नाही, पूर्वी राहायचे त्या चार इमलीच्या सरकारी बंगल्यामागचा तो पेरू. बाळ हा शब्द तेवढा कुणी काढला नाही. पोरीच्या डोळ्यांकडे बघितलं की शशिकला पुन्हा पेरूवर यायची. रात्री शशिकला कूस बदलायची आणि भिंतीपलीकडे रसिकाही कूस बदलतेय हे तिला ऐकू यायचं. उठून जावं, डोकं मांडीवर घ्यावं, एवढंसं तर करायचं होतं. तेवढ्यासाठी तर ती समुद्र ओलांडून आली होती. पण येऊ नकोस म्हणाली होती ना ती! न बोलावता आलेल्या माणसानं दारही न वाजवता कसं आत शिरायचं?

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रसिका जेव्हा म्हणाली, "चल आई, भोपाळला न्यायला तुला काहीतरी घेऊ," तेव्हा दोघींनाही सुटल्यासारखं झालं. खरेदीचं एक बरं असतं, हाताला वस्तू असते, डोळ्यांना जागा असते. ट्राममधून उतरून त्या जुन्या भागात आल्या. लाकडी पट्ट्यापट्ट्यांची घरं, कालवा, आणि मध्ये ते एकाच शिखराचं, तांबूस दगडाचं अजस्र चर्च, मान मोडेपर्यंत वर गेलेलं. त्याच्या पायाशी दुकानांची रांग. शशिकलाला दुकानात शिरलं की वस्तू उलटी करून बघायची सवय. चौक बाजारात बटवा घ्यायचा तरी ती आधी आतलं अस्तर बाहेर काढते, दुकानदार म्हणतो, "बहनजी, बाहर का काम देखिए," ती म्हणते, "बाहर का तो सब दिखाते हैं, भैया." इथंही तिनं निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथची उलट बाजू पाहिली आणि म्हणाली, "रसिके, ही तर आपली नागपूरची चादर गं. तुझ्या आजोबांची बदली नागपूरहून भोपाळला झाली तेव्हा सगळी भांडी अशाच चादरीत बांधून आणली होती म्हणे." रसिका हसली. पंधरवड्यात पहिल्यांदाच दात दिसतील अशी हसली. मग शशिकलाला अधिकच चेव चढला. छताला टांगलेले चिनीमातीचे साचे बघून ती म्हणाली, "हे काय, मोदकाचे साचे? राक्षसांच्या गणपतीचे वाटतं!" केकचे होते ते. रसिका पुन्हा हसली. आईला वाटलं, जमतंय. देवा, जमतंय.

आणि मग ते पक्षी. दुकानभर तेच. लाकडाचे, कापडाचे, कपांवर, रुमालांवर, लांब लाल चोचीचे. "हा बगळा का सगळीकडे?" "करकोचा आहे तो. इथला खास पक्षी," रसिका म्हणाली, आणि लगेच, "दुसरं बघ ना आई." पण शशिकलाच्या हातात एक आला होता. त्याच्या चोचीत एक गाठोडं लोंबत होतं, पांढऱ्या फडक्याचं. "अगं बघ तरी, शिदोरी घेऊन निघालाय! संपदाला नेऊ का हा?" रसिकानं बघितलं. मग म्हणाली, "तू बघ सावकाश. मी बाहेर थांबते, आत गरम होतंय." मार्चातली ती थंडी, दारातून वारा सुरीसारखा येत होता, आणि म्हणे गरम होतंय. शशिकलाला वाटलं, कंटाळली पोरगी आपल्या बडबडीला. करकोचा जागेवर ठेवून ती पुढच्या फळीकडे वळली, आणि तिथं ती होती. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीची, मुठीत मावेल एवढी गोल डबी, बारीक सोनेरी काठ, आणि झाकणावर दोन पायांवर बसलेला, मिशांसकट एवढासा उंदीर, पुढचे पाय जोडलेला. डोक्यात मोदक घोळत होतेच. दुसरं काय सुचणार? गणपतीपुढचा उंदीर तो, झाकणावर येऊन बसलेला. आणि झाकणाची डबी म्हणजे करंडा. इतक्या लांब, परक्या मुलखात, जिथं कुणाच्या कपाळावर काही नाही तिथं कुंकवाचा करंडा, आणि त्यावर गजाननाचं वाहन! तिचे डोळेच भरून आले. तिनं दोन उचलल्या, एक आपल्या देव्हाऱ्याला आणि एक लेकीला.

दुकानातली बाई वयस्कर होती, गोड होती. बांधून देताना तिनं फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, मग शशिकलाला कळत नाही हे पाहून आपल्या पुढच्या दातावर नखानं टकटक केलं, आणि भुवया उंचावून हसली. झालं! शशिकलाला वाटलं, आपल्याच दातात काहीतरी अडकलंय. मेथीचा पराठा खाऊन निघालो होतो. ती ओशाळली, पाठ फिरवली, पदरानं दात पुसले, आणि वळून बाईला दाखवले, गेलं का? बाई खळखळून हसली आणि तिनं शशिकलाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. आज्ज्या एकमेकींचा हात दाबतात तसा. शशिकलाला तेव्हा वाटलं, किती माणुसकीची बाई! पैसे देऊन ती वळली तेव्हा काचेबाहेर रसिका पाठमोरी उभी होती, कोटात हात खुपसून. भोपाळला आल्यावर जयंतनं चष्मा लावून झाकणावरची अक्षरं इंग्रजीसारखी वाचली, "डेंट्स. अगं, डेंट असलेला माल दिला वाटतं तुला," आणि तिनं डबी उन्हात धरून कुठं पोचा सापडतोय का ते पाहिलं होतं. पोचा नव्हता. ती निश्चिंत झाली. शहाणपणा बघा!

खरेदीच्याच दिवशी संध्याकाळी चहा घेताना तिनं रसिकाला तिची डबी दिली होती. रसिकानं कागद उलगडला. उंदरावरून तिनं अंगठा फिरवला, परत फिरवला. "आवडली?" "हो." "माझी आठवण म्हणून ठेव. आणि हे बघ, रिकामी ठेवायची नाही हं. रिकामी बरी नाही दिसत. लवकर भर." कुंकवाचं नाव तिनं घेतलंच नव्हतं. करंड्यात काय भरायचं हे लेकीला सांगावं लागतं का, भोपाळची असली म्हणून काय झालं! रसिकानं एकदाच वर पाहिलं. मग "हो आई" म्हणून ती आत गेली आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. शशिकलाला वाटलं, भांडी घासतेय. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं कुंकवाची पुडी लेकीच्या गॅसशेजारी ठेवली, विमानतळावर पोरीला मिठी मारली, मिठीत ती काठीसारखी ताठ लागली. आणि तेव्हापासूनचे फोन हे असे, "जेवलीस का, जेवले, बाबा कसे आहेत, बरे आहेत, चल मीटिंग आहे." महिना झाला. शशिकला मनाला समजावत होती, कामं असतात, मोठ्या नोकऱ्या असतात.

शेवटची बाई गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. मागच्या खोलीत मुक्कामी पाठवलेला जयंत बाहेर आला आणि सरळ डाळीच्या पातेल्याशी गेला. शशिकला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, हातात ती डबी. "अहो, करकोच्याच्या चोचीत काय असतं?" तिनं विचारलं. "मासा," जयंत म्हणाला. "गाठोडं असलं तर?" तो वाटी भरता भरता थांबला. "मग ते बाळ. त्या लोकांत पोरांना तसं सांगतात ना, करकोचा आणून देतो म्हणून. का गं?" शशिकलानं डोळे मिटून घेतले. शिदोरी म्हणाले मी. संपदाला नेऊ का म्हणाले. आणि त्यावर कडी म्हणून दुधाच्या दातांची डबी घेतली, हसत हसत, दात दाखवत, आणि जिची कूस रिकामी झाली तिच्या हातात ठेवून वर म्हणाले, रिकामी बरी नाही दिसत. परकं कुणी बोललं असतं तर तिनं त्याचा जन्मभर तिटकारा केला असता. तिनं जयंतला सगळं सांगितलं, तुटक तुटक. तो वाटी तशीच धरून ऐकत राहिला. "आता काढू नकोस तो विषय," तो शेवटी म्हणाला. "ती विसरलीही असेल." "विसरली असेल?" शशिकला एवढ्या जोरात म्हणाली की दोघंही दचकले. "तुमच्या घरात हेच चालत आलंय. काढू नकोस विषय. तिनं नाही काढला, मी नाही काढला, अमेयनं नाही. एवढासा जीव येऊन गेला आणि त्याच्याबद्दल कुणी शब्द बोललं नाही हो!"  जयंतनं वाटी ओट्यावर ठेवली, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसला.

ती देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. खालच्या कप्प्यात तिचा जुना चांदीचा करंडा होता, आईनं लग्नात दिलेला. त्याला घरात दुसरं कुणी हात लावत नसे, घासायलाही ती देत नसे, आणि हळदीकुंकवाला तर तो कधीच बाहेर काढत नसे. त्याला कारण होतं. चार इमलीच्या बंगल्यात रसिकाचा पहिला दात पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. बंगल्यामागे पेरूच्या बुंध्याशी उंदराचं बीळ होतं. दात बिळात टाकायचा आणि म्हणायचं, उंदीरमामा, जुना दात घे, नवा दात दे. पण ही बया दात द्यायलाच तयार नाही. मूठ आवळून बसली. "माझा आहे तो. मामाला का द्यायचा?" रडून रडून नाक लाल. शेवटी शशिकलानं समजूत काढून तिची मूठ उघडली, बिळाशी बसवलं, पोरीनं डोळे घट्ट मिटून मामाची विनवणी केली, आणि तेवढ्यात शशिकलानं दात मुठीत लपवून बिळात तांदळाचा एक लांबोडा दाणा टाकला. का टाकला? तिला तरी कुठं कळलं होतं! तो दाण्याएवढा दात, अजून ओला, तळहातावर होता आणि तो मातीत जाऊ द्यायला हात होईना. मग तो कापसात गुंडाळून तिनं करंड्याच्या तळाशी ठेवला आणि वरून कुंकू भरलं. रसिकाला नवे दात आले, ती शिकली, उडाली, आणि दात मात्र इथं कुंकवाखाली बसून राहिला. हे ती कुणालाच बोलली नव्हती, जयंतलाही नाही. लेकीचा दात कुंकवाच्या डबीत आणि कुंकू दातांच्या डबीत, बाई गं, काय हा तुझा कारभार! तिला हसू आलं आणि त्या हसण्यानंच बांध फुटला. ती देवापुढं बसून मोठ्यानं रडली. महिन्यांचं रडणं होतं ते. मग नाक पुसून तिनं फोन लावला. तिकडे अजून दुपार असणार.

रसिका पडद्यावर आली, केस वर बांधलेले, मागे खिडकी. "काय गं, झालं का हळदीकुंकू? रडतेस का तू?" "रसिके, मला माहीत नव्हतं गं," शशिकला एका दमात म्हणाली. "ती डबी. देवाशप्पथ मला वाटलं करंडा आहे. उंदीर दिसला, मला वाटलं गणपतीचा. मी कुंकू भर म्हणत होते. आज त्या शमिकानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मी तुला असं कसं बोलेन गं? आणि तो करकोचा. मला वाटलं शिदोरी."  पलीकडं रसिकानं केस सोडून पुन्हा वर बांधले.  मग ती म्हणाली, "मला माहीत होतं आई."

"काय माहीत होतं?"

"तुला कळलेलं नाही ते. मी काचेतून बघत होते ना, तू वळेपर्यंत. ती बाई दाताला बोट लावून विचारतेय, नातवंडाला का, आणि तू पदरानं दात पुसतेयस." रसिकाला हसू आलं, ते अर्ध्यातच भलतीकडं वळलं. "मला आत येऊन सांगता आलं असतं. ही नको घेऊस म्हणून. नाही आले."

"का गं?"

"मला हवी होती ती." बराच वेळ नुसती खिडकी दिसली, मग पुन्हा तिचा चेहरा आला, ओला. "डिसेंबरात रोज त्या काचेपाशी थांबायचे मी. म्हटलं घाई नको, सातवा लागला की घेऊ. मग नंतर कुठल्या तोंडानं घेऊ? अमेय घाबरला असता, म्हणाला असता कशाला छळतेस स्वतःला. आणि तू गेलीस आत आणि खुशाल घेऊन आलीस. कुंकवाची म्हणून. तू आत्ता सांगतेयस म्हणून काय, मला तेव्हाच कळलं होतं तू काय भरायला सांगतेयस ते. भोपाळची असले म्हणून काय करंडा कळत नाही मला?" तिनं हात लांब करून डबी पुढं धरली. झाकण उघडलं. आत काठोकाठ कुंकू होतं, भोपाळच्या पुडीतलं. "मी टिकलीसुद्धा लावत नाही, आई. पण भरून ठेवलंय. उशाशी असते."

 जयंत मागे येऊन उभा राहिला होता, त्याचा हात शशिकलाच्या खांद्यावर पडला, आणि कुणी विचारलं नसताना रसिका म्हणाली, "मुलगी होती, आई. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

"चुकलं गं बाळा," शशिकला म्हणाली. "मी भीत होते. तू येऊ नकोस म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणजे काय खरंच येऊ नये?" असं म्हणून रसिका, तेहतीस वर्षांची, मोठ्या नोकरीतली रसिका, सहा वर्षांची असताना बिळापाशी रडली होती तशी तोंड वाकडं करून रडायला लागली. शशिकलानं तिला गप्प केलं नाही. रडू दिलं. आपणही रडली. आणि मग, कसं कोण जाणे, तिनं चांदीचा करंडा मांडीवर घेतला, बोटं कुंकवात बुडवली, तळाशी चाचपलं, लाल झालेला कापूस बाहेर काढला आणि उलगडून फोनसमोर धरला. "हे बघ. ओळख काय आहे."

रसिकानं डोळे पुसून जवळून पाहिलं. "दात? कुणाचा?"

"तुझा. पहिला."

"तो तर मामाला दिला ना आपण? पेरूखाली?"

"मामाला तांदूळ दिला. तुझा दात मी नाही दिला."

रसिका बघतच राहिली. "फसवलंस त्याला!" ती म्हणाली, आणि हसायला लागली, नाक ओढत, उचक्या देत. "आणि तरी त्याने मला इतके चांगले दात दिले?"

"भोळा आहे बिचारा," मागून जयंत म्हणाला. 

शशिकलाच्या तळहातावर तो दात होता, कुंकवानं गुलाबी झालेला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं तो नीट कापसात ठेवला. "तुझ्या त्या डबीत राहील हा. कुंकवाखाली. उद्याच कुरिअरनं पाठवते, नीट पॅक करून."

"पाठवू नकोस," रसिका म्हणाली. "घेऊन ये."